धावपट्टीविरुद्ध माझी चार पानं

आमच्या गावाच्या माळावर एक धावपट्टी होती आणि तिच्यावर आम्ही ज्वारी वाळवायचो. हे सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं हसतात. हसा बापडे. विमान वर्षातून दोनदा-तीनदा यायचं, कुणी मंत्री नाहीतर कुणी कारखानदार घेऊन. उरलेले दिवस त्या डांबराचं काय लोणचं घालायचं होतं? शिवाय बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं त्या पट्टीची खडी फोडलेली, म्हणजे आमचा तिच्यावर हक्कच होता. उत्तरेकडचं टोक वरच्या गावाचं, दक्षिणेकडचं आमच्या वस्तीचं. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण त्यांची मिरची आमच्या मिरचीजवळ कधी आली नाही. विमान यायचं असलं की कोतवाल सायकलवरून ओरडत यायचा, "उचला रे, उचला! इमान यायलंय!" मग दोन्ही टोकांच्या बाया पोती भरायला धावायच्या. तेवढा वेळ आम्ही सगळ्या सारख्याच घाबरलेल्या असायचो.

मी त्या माळाच्या पलीकडं, शेतीच्या एका सरकारी केंद्रावर हवामानाच्या नोंदी घ्यायची. सकाळी सात वाजून तेवीस मिनिटांनी आणि दुपारी दोन वाजून तेवीस मिनिटांनी. तेवीस कशाला, तर घड्याळातली वेळ साऱ्या देशाची आणि सूर्याची वेळ आमच्या भागाची, त्या दोन्हींत तेवढा फरक. पांढऱ्या जाळीच्या पेटीतले तापमापक वाचायचे, पावसाचं भांडं मापायचं, खांबावरच्या बाणाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. सण असो, सुतक असो, अंगात ताप असो. मी लागले तेव्हा दोन कारकून मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलले होते, "राखीव जागेतून आलेली बाई, ही काय वारा मोजणार!" त्या दिवसापासून मी असा हट्ट धरला की माझी एकही नोंद चुकायची नाही. आणि चुकली नाही. याचा मला गर्व होता. गर्वच म्हणते, अभिमान वगैरे मवाळ शब्द नको.

माझा धाकटा भाऊ वस्तीत राहायचा. पट्टीच्या पश्चिमेला गायरान होतं, म्हणजे गुरं चरायची सरकारी जमीन. त्यातला चार एकरांचा तुकडा माझ्या बापानं दगड वेचून मोकळा केला, त्याच्यामागं भाऊ आणि भावजय कसत होते. ज्वारी, तूर, कडेला थोडी अंबाडी. वस्तीतल्या अकरा घरांचं असंच होतं. सातबाऱ्यावर नाव सरकारचं, घाम आमचा. अशी जुनी वहिवाट असणाऱ्यांच्या नावावर जमीन करायचं सरकारनं तेव्हा नुकतंच मनावर घेतलं होतं. अकराही घरांचे अर्ज तहसीलात जाऊन पडले होते आणि तलाठी येऊन रानं बघून गेला होता. भाऊ मला म्हणायचा, "आक्का, एवढं नाव लागू दे. मंग कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई." त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. टीव्ही नको, पक्कं घर नको. ते चार एकर आपले आहेत असं कागदावर दिसावं, बास.

भ्यायचं कशाला म्हणता? अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या वस्तीतली घरं जळाली. त्यात आमचं एक. मी वसतिगृहावर होते म्हणून वाचले, भाऊ आईबरोबर तुरीत लपला होता. वरच्या गावात आबा म्हणून सगळे ज्यांना म्हणायचे असे एक मोठे शेतकरी होते. आबा त्या दिवशी पेटवायला आले नव्हते. विझवायलाही आले नव्हते. ओट्यावर बसून होते, असं माझी आई मरेपर्यंत सांगायची.

मग एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास नोटीस निघाली. धावपट्टी वाढवायची, मोठी विमानं उतरवायची, रोजची फेरी सुरू करायची. पट्टी दक्षिणोत्तर होती. दक्षिणेला डांबरी सडक, त्यामुळं ती वाढणार उत्तरेला, थेट आबांच्या विहिरीच्या रानात आणि त्यांच्या भावकीच्या काळ्या जमिनीत. गायरानाला धक्का नव्हता. म्हणजे बघा, आमच्या वस्तीला या भानगडीत पडायचं काही कारणच नव्हतं. कारण होतं ते मला एकटीला.

आमच्या केंद्रावरचे साहेब, आम्ही त्यांना सर म्हणायचो, जुन्या मासिकांची कात्रणं जपून ठेवायचे. त्यातलं एक त्यांनी मला समजावून सांगितलं. कोळसा आणि तेल जाळून जो वायू वर जातो तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो आणि उष्णता अडवतो. आणि विमान तर तेलही मोप जाळतं आणि धूरही थेट वरच नेऊन सोडतं. मी विचारलं, "सर, मग माझ्या वहीत वाढ का दिसंना?" ते म्हणाले, "सात-आठ वर्षांच्या वहीत दिसायची नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणण्यापेक्षा मला त्याचा राग आला. दुपारी दोन वाजून तेवीस मिनिटांनी मी पेटीचं दार उघडायची तेव्हा समोरच्या रानात बाया डोक्यावर ओलं फडकं टाकून खुरपत असायच्या. उद्या ऊन वाढलं तर ते कुणाच्या टाळूवर वाढणार? विमानात बसणाऱ्याच्या? आभाळ सगळ्यांचं, त्यात घाण करणार मूठभर, आणि चटका मात्र ज्याच्या पायात चप्पल नाही त्याला! मी ग्रामसभेत उभी राहून हे बोलले. सगळं गाव हसलं. "बाईला धुराचं येड लागलंय." "मंग चुली बी बंद करा मनावं!" माझी भावजयसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. नंतर मला म्हणाली, "आक्का, तुमी एवढं तावातावानं बोलायल्या की मला वाटलं इमान तुमच्याच डोक्यावर पडायलंय."

मी ऐकते होय. एका विमानाच्या एका फेरीला किती तेल लागतं आणि तेवढ्यात आपल्या गावची सगळी डिझेल इंजिनं किती दिवस चालतील, याचा हिशोब मी कागदावर मांडला आणि शाळेच्या भिंतीवर चिकटवला. तो आकडा आज सांगत नाही, कारण तो बरोबर होता का याची आज मलाच खात्री नाही. दोन दिवसांनी त्या कागदावर कुणीतरी विमानाचं चित्र काढून ठेवलं. बाजाराच्या दिवशी मी एसटी थांब्यावर उभी राहून लोकांना समजवायची. लोक मान हलवायचे आणि पालमची गाडी आली की चढून जायचे.

आणि एका सकाळी आबा केंद्रावर आले. स्वतः, धोतर सावरत, जीपमधून उतरून. मी बाणाची नोंद घेऊन वही मिटत होते. त्यांनी मला "बाई" म्हटलं. आमच्या आईला ते नुसतं "ए" म्हणायचे.

"बाई, वकिलाकडं जाऊन आलो परभनीला. त्ये मनले, माझी जमीन जायलीय असं लिवलं तर सरकार मोबदला देतंय अन् हरकत फेटाळतंय. साऱ्या लोकांच्या भल्याचा मुद्दा पायजे. तुमचा धुराचा मुद्दा हाय की तसा. त्येवढं लिवून द्या. आमी समदे सह्या करतो. तुमची वस्ती बी, आमी बी. एकाच कागदावर."

एकाच कागदावर. माझ्या कानात तेवढंच राहिलं. माझा भाऊ म्हणाला, "आक्का, त्येंचं रान वाचवायला कामून जायलीस तू?" मी म्हटलं, "रान त्यांचं असेल, ऊन सगळ्यांचं आहे." त्यावर तो उठून रानाकडं निघून गेला. मला वाटलं त्याला पटलं.

मी चार पानं लिहिली. आठ दिवस लिहीत होते. पहिल्या दोन पानांत धूर, ऊन, पिकं, पाऊस. पण वाचून बघितलं तर ते मलाच भाषणासारखं वाटलं. साहेब लोकांपुढं पुरावा पाहिजे. मग मला एक गोष्ट आठवली. मागच्या वर्षी एक विमान माळावर आलं, तीन घिरट्या घातल्या आणि न उतरता माघारी गेलं. तेव्हा सर म्हणाले होते, "आडवा वारा. पट्टी वाऱ्याच्या दिशेत नाही. दुष्काळी कामावर माळ सापडला तशी आखली." माझ्या डोक्यात वीजच चमकली. अरे, ही पट्टीच चुकीच्या दिशेला आहे! वारा आमच्याकडं वर्षाचे बरेच महिने पश्चिमेकडून, आणि पट्टी दक्षिणोत्तर. विमानं उगाच घिरट्या घालणार, खामखा जास्ती तेल जाळणार, जास्ती धूर सोडणार. अशी पट्टी वाढवणं म्हणजे चुकीत आणखी चूक. तिसऱ्या-चौथ्या पानावर मी हे सगळं लिहिलं, आणि सोबत माझ्या वहीतला वाऱ्याच्या दिशांचा तक्ता जोडला. महिनावार. सुबक, तांबड्या शाईनं रेघा मारून.

सरांनी त्यावर सही केली, पण पेन बंद करताना म्हणाले, "आकडे दिलेस खरे. आता ते लोक त्याचं काय करतील ते आपल्या हातात नाही." मी म्हटलं, "सर, खऱ्या आकड्यानं काय वाईट होणार?" अशी मी शहाणी.

सह्यांना जमायचं कुठं, यावर दोन दिवस गेले. मारुतीच्या देवळात आमची माणसं जाणार नव्हती, बुद्धविहारात त्यांची येणार नव्हती. चावडी सरकारची, तिथं सरकारविरुद्ध कसं बसायचं? शेवटी आबाच म्हणाले, "पट्टीवर बसू." आणि बसलो. ज्या डांबराविरुद्ध हरकत त्याच डांबरावर सतरंज्या टाकून, दोन्ही टोकांच्या मधोमध. मी चारही पानं मोठ्यानं वाचली. वाऱ्याचा तक्ता वाचताना माझा आवाज चढला होता. वरच्या गावचे म्हातारे मान डोलावत होते. मग एकच शाईचा पॅड फिरला, आणि आबांच्या भावकीच्या अंगठ्यांखाली आमच्या वस्तीचे अंगठे उमटले. माझ्या भावानं सही केली. त्याला सही येते, हे त्यानं मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं केलं.

सुनावणी परभणीला झाली. आम्ही दोन्हीकडची मिळून वीसेक माणसं एसटीनं गेलो. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, हसतमुख. त्यांनी धुराची दोन पानं चाळली आणि म्हणाले, "छान अभ्यास आहे बाई." मग तिसऱ्या पानावर थांबले. चौथं पान वाचलं. तक्ता टेबलावर सपाट करून बघितला आणि मला एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे वारा मुख्यतः पश्चिमेचा?"

"हो साहेब. वर्षाचे बरेच महिने. हिवाळ्यात पूर्वेकडून. उत्तर-दक्षिण फार थोडे दिवस."

"खात्री आहे?"

"आठ वर्षांत एक नोंद चुकलेली नाही साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी बाहेर आले तेव्हा आबा सगळ्यांना म्हणत होते, "सायबानं धाच मिन्टं बाईच्या कागदातच डोकं घातलं की!" स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना भजी आणि चहा सांगितला. एका टेबलावर. त्यांचा कप आणि माझ्या भावाचा कप शेजारी शेजारी होते, एकाच ट्रेमधून आलेले. माझ्या बापानं जन्मभर वरच्या गावात चहा प्यायला तो अंगणात, वेगळ्या ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. मला लय बरं वाटलं. आज सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला धुराची आठवणसुद्धा राहिली नव्हती.

त्यानंतर बरेच महिने काहीच झालं नाही. आबा वाटेत भेटले की "बाई, काय मनतोय वारा?" असं हसून विचारायचे. मीही सांगायची.

दुसरी नोटीस चावडीवर लागली तेव्हा तिची नक्कल घेऊन भाऊ केंद्रावर आला. त्याला सही यायची, वाचायला वेळ लागायचा. सरकारी मराठी तर मलाही दोनदा वाचावी लागते. तो बाजूच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "वाच. काय लिवलंय?" मी उभ्या उभ्या वाचायला लागले. हरकतदारांच्या हरकतीचा साकल्याने विचार करण्यात आला आहे. हं, पुढं. प्रचलित वाऱ्याच्या दिशेचा विचार करता विद्यमान धावपट्टीचा विस्तार रद्द करण्यात येत आहे. मी ओरडलेच, "रद्द! अरे रद्द झाली!" भाऊही उठून उभा राहिला. मी पुढं वाचत गेले. त्याऐवजी नवीन धावपट्टी पूर्व-पश्चिम दिशेने प्रस्तावित असून पूर्वेस नाला असल्याने ती पश्चिमेस नेण्यात येईल. योग्य दिशेमुळे इंधनाची बचत होऊन पर्यावरणाचे हित साधेल. सदर क्षेत्र शासकीय गायरान असल्याने कोणाचीही खाजगी शेतजमीन बाधित होत नाही.

मग खाली बारीक अक्षरात 'संदर्भ', आणि त्यात माझं पद, माझं केंद्र, आणि सोबतचा तक्ता.

मी तेही वाचलं. का वाचलं, मला माहीत नाही. वाचायची सवय असलेला माणूस ओळ दिसली की वाचतो. भाऊ म्हणाला, "पश्चिमेस म्हंजे?" आणि मग स्वतःच वळून आपल्या रानाकडं बघितलं.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं तुला कळलं नव्हतं? नव्हतं कळलं हो! आठ वर्षं रोज दोनदा मी वहीत पश्चिम लिहिलं, आणि पश्चिमेला माझ्या बापाचं रान आहे हे मला एकदाही सुचलं नाही. पट्टी वाढवू नका एवढंच मला म्हणायचं होतं. ती फिरवता येते, हे माझ्या अकलेत आलं नाही. साहेबाच्या अकलेत आलं, त्याचा पगार त्यासाठीच होता.

त्याच संध्याकाळी मी आबांच्या घरी गेले. जन्मात पहिल्यांदा. मी ओट्यापर्यंत गेले, त्यांनी वर बस म्हटलं नाही, मीही बसले नाही. म्हटलं, "आबा, परत हरकत घ्यायची. मी लिहिते. सगळ्यांच्या सह्या पाहिजेत."

आबा सुपारी कातरत होते. "आता कशाची हरकत बाई? झालं की आपल्या मनासारखं."

"धूर तर तेवढाच आहे आबा! विमानं तीच येणार, तेवढीच येणार. ऊन तेवढंच वाढणार. साऱ्या लोकांच्या भल्याचा मुद्दा ना? मग आता लोक बदलले का?"

आबांनी कातरलेलं खांड तोंडात टाकलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "धुराचं तुमी बघा. आमाला काय त्यातलं कळतंय." आणि आत बघून म्हणाले, "बाईला पानी द्या." आतून तांब्या आला आणि वरून ओंजळीत पाणी ओतलं गेलं. मी ते पाणी प्यायले नाही, सांडू दिलं. तेवढाच माझा निषेध.

दुसऱ्या सुनावणीला फक्त आमची अकरा घरं होती. जाताना एसटीत भाऊ माझ्या शेजारी बसला होता. पोखर्णीच्या फाट्यापर्यंत तो खिडकीबाहेरची रानं बघत होता. मग हळूच म्हणाला, "आक्का, तुला एक इचारू? सायबाला म्हन, नोंदी चुकल्या. बाण अडकला व्हता म्हन, गंजला व्हता म्हन. तुझंच यंत्र हाय, तुझीच वही हाय. कुनाला काय कळतंय?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू न्हाई. म्हन."

तेच साहेब होते. तितकेच हसतमुख. अकरा जणांचं म्हणणं त्यांनी ऐकलं. वहिवाटीचे अर्ज मंजूर झालेले नाहीत, म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून बाधा नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग फाइलमधून माझा तक्ता काढला. तांबड्या रेघा तशाच झळकत होत्या. त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला.

"बाई, हे तुमचंच ना? यात काही दुरुस्ती आहे का?"

भाऊ माझ्या उजव्या हाताला उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मागं भावजय, तिच्यामागं वस्तीतली म्हातारी माणसं, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तक्त्याकडं बघितलं. जून, जुलै, ऑगस्ट. एकेक दिवस मला आठवत होता. चिखलात घसरून कोपर फुटलं तो दिवस, आई गेली तो दिवस. तिला माती देऊन आले आणि दोन तेवीसला खांबाखाली उभी राहिले.

मी म्हटलं, "हो साहेब. माझंच आहे. दुरुस्ती नाही."

पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की मी नोकरीच्या भीतीनं बोलले नाही. लोकांना ते पटतं, बाईची एकटीची नोकरी, पोट होतं मागं. पण ते खरं नाही. नोकरीचा विचार त्या क्षणी माझ्या मनाला शिवलाही नाही. 'राखीव जागेतून आलेली बाई, ही काय वारा मोजणार' म्हणणारे ते दोन कारकून मला दिसले. त्यांना खरं ठरवणं माझ्यानं झालं नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या रानापुढं मी माझी वही राखली. याला तत्त्व म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. मी म्हणत नाही.

पेरणीच्या तोंडाला मोजणीवाले आले, चुन्याच्या रेघा मारल्या, मग सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. तूर पेरायला आणलेलं बियाणं भावजयनं डाळीसाठी भिजत घातलं. मी गेले तेव्हा ती जातं पुसत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आक्का, तुमी वाईटासाठी न्हाई केलं, आमाला कळतंय. पर आता आमी पेरावं कुठं, तेवढं सांगा. तुमाला समद्या दिशा ठाव्या हायत." ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर मी भांडले तरी असते.

मोठं विमान काही आलं नाही. पैसे मंजूर झाले नाहीत म्हणे, मग मंत्री बदलला म्हणे. ना नवी पट्टी झाली, ना रोजची फेरी. तारेच्या आत बाभळी माजल्या. ज्या धुराविरुद्ध मी चार पानं लिहिली तो धूर आमच्या माळावरून कधीच निघाला नाही, म्हणजे कुणी विचारलं तर माझी मोहीम यशस्वीच झाली म्हणायची! पृथ्वी तापायची थांबली नाही, ती गोष्ट वेगळी. आताच्या पोरी अभ्यासासाठी माझ्या जुन्या वह्या मागायला येतात, त्यांना त्यात वाढ दिसते. सर बरोबर होते. मी बरोबर होते. या बरोबर असण्याचं करायचं काय, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

पण हे सगळं फार नंतरचं. भाऊ गाव सोडून गेला तो चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच आठवड्यात. वस्तीत निळा गुलाल उधळला होता, लोक रडत होते, नाचत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. सोळा वर्षं त्या नावासाठी घरं जळाली होती, माणसं गेली होती. भाऊही नाचला. त्याच्या केसांतला गुलाल दोन दिवसांनीही निघाला नव्हता. तसाच तो बायको-लेकीला घेऊन पुण्याकडं बांधकामावर निघाला. स्टँडवर पोचवायला मी एकटी होते. दोन पोती, एक पत्र्याची पेटी, गुंडाळलेली सतरंजी.

गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. भावजय पेटीजवळ उभी होती. सुनावणीच्या दिवसापासून भावानं त्या गोष्टीचा एक शब्द काढला नव्हता. रागावला नव्हता, घरी येणं सोडलं नव्हतं, जेवायला बोलावणं सोडलं नव्हतं. मला वाटायचं, तो विसरला. किंवा त्यानं माफ केलं. अशा वेळी माणूस स्वतःला काय काय पटवतो.

तो म्हणाला, "आक्का, एक खरं सांग. तू म्हनली असतीस नोंदी चुकल्या, तर राहिलं असतं का रान?"

मी या प्रश्नाची कितीदा तयारी केली होती. आणि उत्तर खरंच माझ्याकडं होतं. त्यांच्याकडं सरांच्या सहीची प्रत होती, पुण्याच्या हवामान कचेरीला आम्ही पाठवलेल्या नोंदी होत्या. गायरान फुकट होतं. मी काहीही म्हटलं असतं तरी ते तिकडंच वळणार होते. मी त्याला हे सगळं नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. मलाच बरं वाटत होतं सांगताना.

"नसतं राहिलं," मी म्हटलं. "काहीच फरक पडला नसता."

त्यानं लेकीला कडेवर घेतलं, पोतं उचललं.

"मंग म्हनायचं व्हतंस की," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.